कळंबचा सहस्राक्ष आणि घरातला कॅमेरा

घरात बसवलेल्या इंटरनेट कॅमेऱ्यात डोळा एका ठिकाणी असतो आणि पाहणारा दुसऱ्या ठिकाणी. हा डोळा स्वतःसाठी काही पाहत नाही. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यासाठी तो पाहतो. किल्ली घरधन्याकडे असेपर्यंत तो राखणदार. ती परक्याच्या हाती गेली की त्याच भिंतीवरचा तोच डोळा परक्याचा होतो, आणि खोलीत वावरणाऱ्या माणसाला हा पालट कळत नाही. कॅमेऱ्याचा दिवा तसाच लागलेला असतो, मालकाच्या मोबाइलवर चित्र तसेच येत राहते. संगणकशास्त्र याला सुरक्षेतली उणीव म्हणते आणि ती बुजवण्याचे उपाय सांगते. ते उपाय आवश्यकच आहेत. पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे: दुसऱ्याला पाहण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो? स्वतः न दिसता पाहणे धर्माला धरून कधी असते, आणि पाप कधी होते?

या प्रश्नाची एक गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबशी बांधलेली आहे. यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, चक्रावती नदीकाठचे हे तालुक्याचे गाव तिथल्या चिंतामणीमुळे ओळखले जाते. विदर्भातल्या अष्टविनायकांत या स्थानाची गणना होते. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. भाविक पायऱ्या उतरून खाली जातो तेव्हा कुंड आणि गाभारा लागतो. गणेशपुराणात इंद्राने जिथे तप केले ते कदंबपूर हेच, अशी इथली श्रद्धा. पुणे जिल्ह्यातल्या थेऊरच्या चिंतामणीशीही कदंबवृक्ष आणि इंद्राचे तप ही कथा जोडलेली आहे, तेव्हा स्थानाचा वाद इथे काढण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते इंद्राला इथे का यावे लागले हे.

गौतम ऋषी आश्रमाबाहेर गेले असता इंद्र गौतमांचेच रूप घेऊन आत शिरला आणि त्याने गौतमांच्या पत्नीचा, अहल्येचा, भोग घेतला. गौतमांना ते कळले. त्यांच्या शापाने इंद्राच्या अंगभर हजार योनिचिन्हे उमटली. ज्या वासनेने तो आत शिरला तीच त्याच्या कातडीवर लिहिली गेली. लाजेने इंद्र लपून बसला. देवांनी गौतमांची करुणा भाकली, गणेशाच्या उपासनेचा मार्ग निघाला, आणि तपाच्या शेवटी त्या हजार खुणांचे हजार डोळे झाले. इंद्र सहस्राक्ष झाला.

या कथेची रूपे अनेक आहेत. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात अहल्या मुनिवेशातल्या इंद्राला ओळखते, आणि तिथे इंद्राला मिळणारा शापही निराळा आहे. उत्तरकांडात अपराधाचा भार इंद्राकडे जास्त येतो. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात इंद्र गोदावरीच्या स्नानाने सहस्राक्ष होतो. तिथलाच एक तपशील या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. खरे गौतम परत येतात तेव्हा आश्रमाचे राखणदार चक्रावून जातात. गौतमांना आत गेलेले त्यांनी पाहिलेले असते आणि तेच गौतम बाहेरून चालत येत असतात. तपाच्या बळावर ऋषी दोन रूपे धारण करू शकत असतील, असे समाधान ते करून घेतात.

इथे भिंत फुटलेली नाही, दार मोडलेले नाही, राखणदार झोपलेले नाहीत. ओळख पटवण्याची एकच खूण त्या घराने मानली होती, ती म्हणजे दिसणे, आणि ती खूण दुसऱ्याला उचलता येत होती. एकाच वेळी दोन गौतम असणे हा धोक्याचा सर्वांत मोठा इशारा होता. राखणदारांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला.

आजच्या कॅमेऱ्यांच्या इतिहासात हाच प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. स्वस्तातले बरेच कॅमेरे मालकाच्या मोबाइलशी थेट बोलत नाहीत. प्रत्येक कॅमेऱ्याला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. कॅमेरा सुरू झाला की तो कंपनीच्या सर्व्हरला आपला क्रमांक कळवतो, मालकाचे अ‍ॅप त्याच क्रमांकाची चौकशी करते, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. राउटरमध्ये काही न करता कॅमेरा चालू होतो तो या सोयीमुळे. ऑगस्ट २०२१ मध्ये मँडियंट या सुरक्षा संस्थेने थ्रूटेक कंपनीच्या कले नावाच्या अशाच एका व्यवस्थेतला दोष जाहीर केला. अनेक कंपन्यांची उपकरणे ही व्यवस्था वापरत होती, आणि थ्रूटेकच्याच सांगण्यानुसार त्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर होती. एखाद्या कॅमेऱ्याचा क्रमांक हाती लागलेला परका मनुष्य तोच क्रमांक सांगून सर्व्हरकडे नोंदणी करू शके. सर्व्हर खऱ्या कॅमेऱ्याची नोंद पुसून खोट्याची नोंद ठेवी. मग मालक आपला कॅमेरा पाहायला गेला की त्याचे नाव आणि पासवर्ड थेट त्या परक्याकडे जाई, आणि त्यांच्या आधाराने परका खऱ्या कॅमेऱ्यात शिरे. सर्व्हरपुढे दोन गौतम उभे होते आणि जो नंतर आला तो त्याने खरा मानला.

क्रमांक हाती लागणे तरी किती अवघड? एप्रिल २०१९ मध्ये पॉल मरापीज या संशोधकाने दुसऱ्या एका तशाच व्यवस्थेबद्दल दाखवून दिले होते की तिचे क्रमांक अंदाजाने शोधता येतात. २० लाखांहून अधिक उपकरणे त्या दोषाच्या कक्षेत येत होती.

बहुतेक घरफोडीला मात्र इतके कसब लागत नाही. सन २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि त्यांची चित्रे साठवणारे डीव्हीआर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच्या पोतडीत होत्या कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या सुमारे ६० जोड्या, एवढेच. तो एकेक जोडी लावून बघे आणि दार उघडे. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला याच उपकरणांच्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला चढवला, आणि अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांना ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. ज्यांचे कॅमेरे त्या फौजेत लढत होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्याआधी, २०१४ मध्ये, न बदललेल्या पासवर्डचे हजारो कॅमेरे एका संकेतस्थळावर देशवार मांडून ठेवलेले आढळले होते. कुणीही यावे, कुणाच्याही घरात, दुकानात, पाळण्यात पाहावे.

भारतातली अलीकडची आणि महाराष्ट्राला थेट भिडणारी घटना फेब्रुवारी २०२५ ची. गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची सीसीटीव्हीतली चित्रे यूट्यूबवर झळकली आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकली जात असल्याचे उघड झाले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी तपास केला तेव्हा धागे महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात पोचले. अटक झालेल्या आरोपींत लातूर आणि सांगली इथलेही होते. पुढे या तपासाच्या बातम्यांतून समोर आले ते असे, की अनेक राज्यांतली रुग्णालये, कार्यालये, शाळा आणि घरे यांचे कॅमेरे उघडले गेले होते आणि पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन१२३’ यासारखा.

ते दार बंद ठेवणे कुणाचे काम होते? रुग्णालयाचे, कॅमेरा बसवणाऱ्याचे, असाच पासवर्ड घालून यंत्र विकणाऱ्याचे? प्रत्येकाचा वाटा आहे. पण कळंबच्या कथेत शाप दोघांना, इंद्राबरोबर अहल्येलाही, मिळाला, आणि तिथे परंपरेची एक मोठी चूक दिसते. इंद्र तप करून सहस्राक्ष झाला, स्वर्गात परत गेला. अहल्येला मात्र शापमुक्तीसाठी युगानुयुगे वाट पाहावी लागली. ज्या रूपांत ती फसवली गेली असे सांगितले आहे, त्या रूपांतही तिची शिक्षा टळत नाही. राजकोटच्या स्त्रिया याच ठिकाणी उभ्या आहेत. ज्यांनी पाहिले त्यांची नावे खटल्याच्या कागदांत राहतील. ज्यांना पाहिले गेले त्यांना आपला चेहरा कुणाच्या मोबाइलमध्ये आहे या शंकेने आयुष्य काढावे लागेल, आणि घरचीच माणसे त्यांना विचारतील की तू तिथे गेलीसच कशाला. लाज ही पाहणाऱ्याची असते, पाहिल्या गेलेल्याची नाही, हे धर्मविचाराने स्वच्छ सांगायला हवे होते. गौतमांचा शाप निम्मा तरी ते सांगतो: चिन्हे उमटली ती इंद्राच्या अंगावर.

यावर एक आक्षेप येतो आणि तो धार्मिक मनाला सहज पटणारा आहे. सगळे पाहणारा तर वर बसलेलाच आहे. ज्याने वाईट काही केलेले नाही त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे? आक्षेपाचा पहिला भाग खोटा नाही. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात वरुणाचे एक सूक्त आहे. दोघे जण एकांतात बसून खलबत करतात तेव्हा वरुण तिसरा असतो, असे ते सांगते. त्याचे हजार डोळ्यांचे हेर पृथ्वी न्याहाळतात, माणसाच्या पापण्यांची उघडझापही त्याने मोजलेली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदाराला बजावले आहे की आकाश, भूमी, पाणी, हृदय, चंद्र, सूर्य, अग्नी, यम, वारा, रात्र आणि दोन्ही संध्या माणसाचे वर्तन जाणतात. चित्रगुप्ताची वही तर घरोघरी ठाऊक आहे. पाहिले जाण्याची कल्पना भारतीय मनाला परकी नाही. उलट तिच्यावरच सदाचाराची बरीच उभारणी झाली आहे.

पण वरुणाचे पाहणे आणि चोरट्या कॅमेऱ्याचे पाहणे यांना एका पंक्तीत बसवता येत नाही. वरुण पाहतो हे सर्वांना सांगितलेले आहे. तो राजालाही पाहतो आणि रंकालाही. आणि पाहून त्याला स्वतःसाठी काही मिळवायचे नसते. ही तिसरी अट सांख्यांनी सर्वांत नेमकेपणाने मांडली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाचे वर्णन साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा आणि अकर्ता असे येते. तो पाहतो, आणि पाहिलेल्यात त्याचा हात नसतो. मुंडकोपनिषदातही एकाच झाडावरचे दोन पक्षी असेच वेगळे काढले आहेत; एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो. साक्षीपण हे दुसऱ्या पक्ष्याचे. टेलिग्रामवर पैसे मोजून परक्या स्त्रीची तपासणी पाहणारा खाणारा पक्षी आहे. तो द्रष्ट्याच्या जागेवर लपून बसलेला भोक्ता आहे. इंद्रानेही नेमके हेच केले होते: रूप तपस्व्याचे, मन भोगाचे. देवाच्या सर्वसाक्षित्वाचा दाखला देऊन माणसाच्या चोरून पाहण्याला सूट मिळत नाही, कारण देवाला ज्या निःस्पृहतेमुळे पाहण्याचा अधिकार आहे तीच इथे नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग, निष्पाप माणसाला लपवण्यासारखे काय असते, हा जास्त फसवा आहे. त्याला उत्तर मंदिरातच मिळते. मराठी मुलखातल्या कितीतरी देवळांत नैवेद्य दाखवताना गाभाऱ्याचा पडदा ओढला जातो. रात्री शेजारती होऊन दार बंद होते, पहाटे काकडआरतीला उघडते. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात आणि दर्शन अहोरात्र चालते. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि देवाचे नित्योपचार, त्यात निद्राही, पुन्हा सुरू होतात. विठ्ठलाने कोणते पाप केले म्हणून त्याला पडदा लागतो? ज्याच्यापाशी लपवण्यासारखे काही असूच शकत नाही, त्यालाही भक्तांनी एकांत दिला आहे. जेवणे, नाहणे, निजणे यांना पडदा असावा तो त्यांत दोष आहे म्हणून नव्हे. ती कामे करणारा त्या वेळी स्वतःचा असतो, म्हणून. पूजाविधी आखणाऱ्यांना जे देवाबाबत कळले ते घरातली म्हातारी आई, सून, लहान मूल आणि घरकामाला येणारी बाई यांच्याबाबत न कळण्याचे कारण नाही.

दर्शनाचा व्यवहारही इथे आठवावा. कळंबच्या पायऱ्या उतरून गेलेला भाविक चिंतामणीला पाहतो, आणि चिंतामणी आपल्याला पाहतो अशी त्याची भावना असते. मूर्तीचे डोळे म्हणून इतके महत्त्वाचे. दोन्ही बाजू एकमेकांसमोर उघड्या असतात, दोघांनाही एकमेकांची जाण असते. कॅमेऱ्यातून चोरून पाहणे हे दर्शनाचे पूर्ण उलटे टोक होय. तिथे एक जण संपूर्ण दिसतो आणि दुसरा मुळीच दिसत नाही. या निबंधाचे म्हणणे एवढेच आहे की अन्यायाचे मूळ या विषमतेत आहे. ज्याला पाहिले जाते त्याला पाहणाराही दिसू शकला पाहिजे. ते शक्य नसेल तिथे पाहण्याचा अधिकार संपतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्रने १९४३ च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या ग्रंथात किल्लीच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. तो पाहण्यात बुडालेला असतो, इतक्यात मागे पावले वाजतात, आणि क्षणात त्याला लाज वाटते, कारण आता तोच कुणाला तरी दिसत असतो. इंटरनेटवरून डोकावणाऱ्याच्या मागे पावले वाजत नाहीत. लाज उपजायला जी दुसऱ्याची नजर लागते ती तिथे पोचतच नाही, आणि म्हणून चांगल्या घरातला, एरवी कुणाच्या खिडकीत डोकावणार नाही असा तरुणही मोबाइलवर ते करून बसतो. सीलवीमंस जातकातला शिष्य याच्या नेमका उलट वागतो. गुरू आपल्या शिष्यांना सांगतात की घरून वस्त्रे-दागिने चोरून आणा, पण कुणी पाहता कामा नये. सगळे आणतात, एक जण रिकाम्या हाताने येतो. कुणी पाहत नाही अशी जागाच त्याला सापडलेली नसते, कारण तो स्वतः तर पाहतच असतो. बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्माची ही गोष्ट आहे. पावलांचा आवाज त्या शिष्याच्या आतून येत होता.

सर्वांच्या आतून तो येईल यावर समाजाला विसंबता येत नाही, म्हणून कायदा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ई हे कलम एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीवाचून टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणे, तिचे तसे चित्र टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा २०१३ मध्ये भारतीय दंडविधानात आला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. यंत्रांच्या बाबतीत केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली चाचणी सक्तीची करणारा आदेश काढला. मुदतवाढीनंतर तो ९ एप्रिल २०२५ पासून अमलात आला. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन ती विकण्यास बंदी केली. आधी भिंतींवर चढलेल्या जुन्या कॅमेऱ्यांपर्यंत मात्र असे नियम सहसा पोचत नाहीत, आणि गावोगाव तेच जास्त आहेत.

दोष नेहमी बाहेरच्यांचाच नसतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने रिंग कंपनीवर ठेवलेल्या आरोपांत कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्त्री ग्राहकांच्या घरातली हजारो चित्रे पाहिल्याचा उल्लेख होता. कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ कंपनीच्या सेवेत बिघाड झाला आणि सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली चित्रे दिसली. पहिल्या घटनेत राखणदारच आत डोकावत होता, दुसरीत तर कुणाची वासनाही नव्हती. एकाचे घर दुसऱ्याला दिसले ते कोणता कॅमेरा कुणाच्या खात्याचा याची कंपनीच्या व्यवस्थेत गल्लत झाली म्हणून.

या सगळ्यापेक्षा कठीण प्रश्न घराच्या आतला आहे. कॅमेरा बसवणाराच पाहणारा असेल, आणि ज्यांना तो पाहतो ती त्याचीच माणसे असतील तर? कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या भावांमध्ये असा वाद झाला. राहत्या भागात, इतरांच्या संमतीवाचून कॅमेरे चालवणे हा त्यांच्या खासगीपणावरचा घाला आहे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ च्या आरंभी ठरवले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हात घातला नाही. हा निकाल घराघरांत वाचला जावा असा आहे. घर एकाच्या नावावर असते, पण त्यातला एकांत प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेलेला मुलगा गावातल्या आईवडिलांच्या काळजीने बैठकीत कॅमेरा लावतो, त्यामागे माया असते, यात शंका नाही. तरी आई पदर सावरून बसू लागली, वडील दुपारी आडवे व्हायला कचरू लागले, तर त्या मायेने त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतले आहे. आणि तोच कॅमेरा उद्या परक्याच्या हाती गेला तर दोन वेळा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा खासगी वा घरगुती कामासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाही. उंबऱ्याच्या आतला बराचसा विचार त्यामुळे गृहस्थावरच येतो, आणि गृहस्थाश्रमाच्या कर्तव्यांत तो आता धरायला हवा. निजण्याची, नाहण्याची, कपडे बदलण्याची खोली कॅमेऱ्याच्या कक्षेत नसावी. दार, अंगण, दुकानाचा गल्ला, शेतातले कोठार यांवर तो पुरतो. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईला आणि पाहुण्यालाही, कॅमेरा कुठे आहे आणि त्यातले कोण पाहते हे सांगितलेले असावे. कॅमेरा बसवून देणारा पुष्कळदा स्वतःच पासवर्ड ठरवतो, कधी आपल्याच मोबाइल क्रमांकावर खाते उघडतो आणि अनेक घरांना एकच पासवर्ड देतो. तो गेल्यावर खाते आपल्या नावावर घेऊन पासवर्ड बदलणे हे नव्या घराचे कुलूप बदलण्याइतके साधे काम आहे. दुसऱ्या सेवेवरून फुटलेला पासवर्ड इथे चालून जाऊ नये म्हणून तो फक्त या एका खात्यासाठी असावा, आणि लॉगिन करताना मोबाइलवर वेगळा कोड मागण्याची सोय चालू असावी. ब्रह्मपुराणातल्या राखणदारांकडे हीच दुसरी खूण नव्हती.

बऱ्याच अ‍ॅपमध्ये सध्या कोणकोणत्या मोबाइलवरून कॅमेरा उघडलेला आहे याची यादी असते. ती अधूनमधून वाचणे हे या सगळ्या उपायांत विचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, कारण पाहणारा दिसण्याची तेवढी एकच जागा यंत्राने ठेवलेली आहे. अनोळखी मोबाइल दिसला तर ‘मुलानेच कधी उघडले असेल’ असे समाधान करून घेऊ नये. पासवर्ड बदलून सगळे मोबाइल बाहेर काढावेत आणि चित्रे बाहेर गेल्याचा संशय असल्यास १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. ज्या यंत्राला कंपनी आता नवे फर्मवेअर देत नाही, ते इंटरनेटपासून तोडून केवळ घरातल्या डीव्हीआरवर चालवावे.

सहस्राक्षाच्या कथेतला शेवटचा पालट याच अंगाने वाचता येतो. गणेशाने इंद्राच्या अंगावरच्या खुणा पुसल्या नाहीत. त्या डोळे झाल्या. जो दुसऱ्याचे रूप घेऊन, ओळखू न येता, घरात शिरला होता, त्याला या अंगभर डोळ्यांमुळे पुन्हा कुणाचे रूप सहज घेता येणार नाही. हजारांत तो ओळखू येतो. पुराणकारांना हेच म्हणायचे होते असा दावा नाही. पण ज्याला जास्त पाहता येते तो तितकाच जास्त ओळखू यावा, ही अट त्या रूपात बसते, आणि कॅमेरा बनवणाऱ्या, विकणाऱ्या, चालवणाऱ्या प्रत्येकाला ती लागू करता येते: कंपनीने आपल्या कोणत्या कर्मचाऱ्याने कोणते चित्र कधी उघडले याची नोंद ठेवावी आणि मागितल्यास ग्राहकाला दाखवावी, दोष सापडला तर तो दडवू नये, घरमालकाने आपण केव्हा पाहतो हे घरच्यांपासून लपवू नये.

कॅमेरा काढून टाकतानाही हे काम संपत नाही. जुना डीव्हीआर भंगारात जातो तेव्हा त्याच्या डिस्कमध्ये जुन्या दिवसांचे घर साठलेले असू शकते, आणि जुना कॅमेरा दुसऱ्याला दिला तरी तो आधीच्या मालकाच्या खात्याशी जोडलेला राहू शकतो. मग नव्या घरातले चित्र जुन्या मालकाला दिसते. म्हणून देण्यापूर्वी मेमरी कार्ड काढून घ्यावे, डिस्क पुसावी, अ‍ॅपमधल्या खात्यातून यंत्र वगळावे आणि कॅमेरा कारखान्यातल्या मूळ स्थितीवर आणावा.